न विरणारी दवंडी

बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. यवतमाळहून धामणगावला जाताना ते वाटेत लागते. कापूस, तूर आणि सोयाबीन ही या भागातील पिके. पूर्वी अशा गावात काही कळवायचे असले म्हणजे कोतवाल दवंडी देत असे. डफडे वाजले की माणसे दारात येत. कोतवाल ओरडून सांगे, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी चावडीवर सभा आहे हो!" जो गावात असे तो ऐके. जो वावरात असे, त्याला घरी आल्यावर बायको सांगे. सभा झाली की लोक ती दवंडी विसरून जात.

दवंडी वेशीपर्यंतच ऐकू जाई आणि वाऱ्यावर विरून जाई.

आता घरोघरी मोबाईल आला आहे. आपण फेसबुकवर चार ओळी लिहितो, एखादा फोटो टाकतो. ही सुद्धा दवंडीच आहे. मात्र या दवंडीला वेस नाही आणि ती विरतही नाही. आज दिलेली दवंडी पाच वर्षांनी, पाचशे कोसांवरचा अनोळखी माणूस ऐकू शकतो. त्याने फक्त आपले नाव टाकून शोधायचे, एवढेच. हे कसे होते आणि त्यात आपण काय सांभाळावे, ते या धड्यात पाहू.

एका नोटिशीची गोष्ट

समजा, बाभुळगावजवळच्या एका खेड्यात एक शेतकरी आहे. त्याची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. दोन वर्षे पीक बुडाले. बँकेचे कर्ज थकले. घरी नोटीस आली.

त्याचा पुतण्या कॉलेजात शिकतो. त्याला काकांची दया आली. त्याने फेसबुकवर लिहिले, "माझ्या काकांचे कर्ज थकले आहे. बँकेची नोटीस आली आहे. कोणी मदत करील काय?" खाली काकांचे पूर्ण नाव आणि गाव लिहिले. नोटिशीचा फोटोही टाकला. फोटोत खाते क्रमांक होता, मोबाईल नंबर होता आणि थकबाकीचा आकडा होता.

पुतण्याचा हेतू चांगला होता. दोन-चार जणांनी मदतही केली. पण आठ दिवसांत एक फोन आला. "मी बँकेतून बोलतो. तुमचा खाते क्रमांक अमुक आहे ना? तुमचे कर्ज माफ झाले आहे. मोबाईलवर एक आकडा आला असेल, तो सांगा." खाते क्रमांक बरोबर होता, म्हणून शेतकऱ्याला बोलणे खरे वाटले. त्याने आकडा सांगितला. खात्यात पैसेच नव्हते, म्हणून तो वाचला.

पुढच्या वर्षी कापूस बरा झाला. एक म्हैस विकली. सगळे कर्ज फेडले आणि बँकेतून बेबाकीचा दाखला आणला. दाखला ट्रंकेत ठेवला आणि शेतकरी सुखाने झोपला.

चार वर्षे गेली. मुलीचे लग्न ठरू लागले. स्थळ धामणगावकडचे होते. पाहणे झाले, पसंती झाली. आणि एके दिवशी मध्यस्थ पडेल चेहऱ्याने घरी आला.

"भाऊ, तुमच्यावर बँकेची नोटीस हाय म्हणतेत. पोराच्या भावानं मोबाईलात पाह्यली."

"अहो, कर्ज फिटून चार साल झाले! दाखला हाय माह्यापाशी."

"तुमच्यापाशी असन. पण मोबाईलात तं अजून नोटीसच दिसते."

शेतकऱ्याने पुतण्याला बोलावले. "बापू, तवा तू काय टाकलं होतं रे?"

पुतण्या म्हणाला, "काकाजी, म्या तं आपल्याच दोस्तायसाठी टाकलं होतं. मी विसरून बी गेलो होतो."

"तू विसरला, बापू. मोबाईल नाही विसरला."

शेतकरी दाखला घेऊन धामणगावकडे गेला. सोयरे समजदार होते, म्हणून लग्न मोडले नाही. पण ज्या गोष्टीची मान खाली घालायला लावणारी सफाई चार वर्षांपूर्वीच संपली होती, ती सफाई त्याला परक्या अंगणात पुन्हा द्यावी लागली.

अशी गोष्ट खरोखर घडली आहे

वरची गोष्ट आम्ही समजावून सांगण्यासाठी रचली आहे. पण अशीच एक गोष्ट युरोपात, स्पेन देशात खरी घडली. सन १९९८ मध्ये तेथील एका वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात आली. एका गृहस्थाकडे सरकारी देणे थकले होते. त्यापायी त्याच्या घराचा लिलाव होणार होता. पुढे ते देणे मिटले. लोक विसरले. पण वर्तमानपत्राने आपले जुने अंक इंटरनेटवर ठेवले. मग कोणीही गूगलवर त्या गृहस्थाचे नाव टाकले की ती जुनी जाहिरात समोर येई.

त्या गृहस्थाने सन २०१० मध्ये तक्रार केली. खटला युरोपातील मोठ्या न्यायालयापर्यंत गेला. १३ मे २०१४ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, माहिती जुनी झाली असेल, आता तिचे कारण उरले नसेल, तर नाव टाकल्यावर ती दिसू नये असे मागण्याचा माणसाला हक्क आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात मात्र तशीच राहिली. फक्त नावावरून तिच्याकडे नेणारी वाट बंद झाली.

ही वाट म्हणजे काय, ते आता पाहू.

नावावरून माहिती कशी सापडते?

सातबारा आपल्या सर्वांना माहीत आहे. त्यात एका गटाची माहिती असते. पण एका माणसाची जमीन कोणकोणत्या गटांत आहे, हे पाहायचे असेल तर आपण आठ-अ चा उतारा काढतो. त्यात खातेदाराच्या नावाखाली त्याचे सर्व गट एकत्र लिहिलेले असतात. सगळे गाव पालथे घालावे लागत नाही.

इंटरनेटवरचे शोधयंत्र असेच काम करते. गूगल हे असे एक शोधयंत्र आहे. ते रात्रंदिवस उघडी पाने वाचत असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, याची टिपणे करून ठेवते. आपण नाव टाकले की ते जगभर धावत नाही. आपली टिपणे पाहते आणि क्षणात पाने समोर ठेवते. फेसबुकमध्येही शोधण्याची अशीच सोय आहे. जे सर्वांसाठी उघडे ठेवले आहे, ते त्यात सापडू शकते. टिपणे केलेली असल्यामुळे मूळ पान काढून टाकले तरी त्याची खूण काही दिवस शोधात दिसत राहते.

यात नवे काय? पूर्वीही काही गोष्टी उघड असत. पण त्या हुडकणे कठीण असे. जुना कागद पाहायचा तर यवतमाळला जावे लागे. अर्ज करावा लागे. एक दिवस मोडावा लागे आणि खिशातले पैसे मोडावे लागत. नुसत्या चौकसपणापायी एवढा त्रास कोण घेणार? तो त्रास हेच आपल्या अब्रूचे कुंपण होते. शोधयंत्राने ते कुंपण काढून टाकले.

काही गोष्टी उघड असणे चांगलेच आहे. सातबारा उघड असतो, म्हणून जमीन घेणाऱ्याला खात्री करता येते. ग्रामपंचायतीचा हिशेब उघड असावा, म्हणजे लोकांना जाब विचारता येतो. पण घरातले आजारपण, नवरा-बायकोचे भांडण, पोरीची परीक्षा, थकलेले कर्ज या गोष्टी गावाच्या हिशेबात येत नाहीत. त्या घरच्या आहेत. घरची गोष्ट कोणाला सांगावी, हे घरच्यांनी ठरवावे.

पालघरची घटना

आपण लिहितो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर चार ओळखीची माणसे असतात. वाचणारे मात्र चारच नसतात. आपल्या महाराष्ट्रात पालघर येथे नोव्हेंबर २०१२ मध्ये हे दिसून आले.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचे व्यवहार बंद राहिले. पालघरच्या एका तरुण मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींवर पसंतीची खूण केली. थोड्या वेळात ही गोष्ट गावभर झाली. जमाव जमला. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोन्ही मुलींना अटक झाली आणि मग जामीन मिळाला.

या अटकेवर देशभर टीका झाली. दोन पोलीस अधिकाऱ्यांना शासनाने निलंबित केले. पुढे मुलींवरचा खटला बंद झाला. अशा प्रकरणांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ वापरले जात असे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाविरोधी ठरवून रद्द केले.

म्हणजे मुलींना आपले मत मांडण्याचा हक्क होता. यावरून 'तोंडच उघडू नये' असा धडा कोणी घेऊ नये. मत मांडायचे तर ते जरूर मांडावे, पण जाणून मांडावे. ओसरीवर बोलतो आहोत असे समजून आपण बाजाराच्या चौकात बोलतो, ती चूक होऊ नये.

नंबर आणि ग्रूप

आपला मोबाईल नंबर हीसुद्धा आपल्या घराची एक वाट आहे. एप्रिल २०२१ मध्ये एक बातमी आली. १०६ देशांतील सुमारे ५३ कोटी फेसबुक खात्यांची माहिती इंटरनेटवर उघडी पडली होती. तिच्यात लोकांची नावे आणि फोन नंबर होते. साठ लाखांहून अधिक खाती भारतातली होती. फेसबुकवर फोन नंबरावरून माणूस शोधण्याची सोय होती. त्या सोयीचा गैरवापर करून कोणीतरी ही माहिती यंत्राने गोळा केली होती.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रूप आपल्याला घरासारखा वाटतो. बचत गटाचा ग्रूप, भावकीचा ग्रूप, शाळेचा ग्रूप. ग्रूपमध्ये येण्यासाठी एक दुवा पाठवता येतो. त्याला लिंक म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये असे आढळले की कितीतरी ग्रूपच्या लिंक गूगलच्या शोधात सापडत होत्या. लोकांनी त्या लिंक उघड्या पानांवर टाकल्या होत्या. शोधयंत्राने त्या टिपून घेतल्या. लिंक सापडली की परका माणूस ग्रूपमध्ये शिरे आणि सर्वांचे नंबर पाही. दाराची किल्ली चव्हाट्यावर टांगली, तर कुलपाचा काय उपयोग?

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. खाजगी जीवन जपणे हा प्रत्येक भारतीयाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यांनी सांगितले. हा हक्क मोठ्या शहरातल्या माणसाला जेवढा आहे, तेवढाच बाभुळगावच्या मजुरालाही आहे.

सन २०२३ मध्ये संसदेने माणसाच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. आपली माहिती दुरुस्त करून घेणे, पुसून घेणे, असे हक्क त्यात आहेत.

पण या कायद्यात एक गोष्ट आहे, ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. जी माहिती माणसाने स्वतःहून सर्वांपुढे उघडी केली, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे चोराने कुलूप फोडले तर कायदा आपल्या बाजूने उभा राहील. दार आपणच सताड उघडे ठेवले, तर या कायद्याला बोलावता येणार नाही. म्हणून टाकण्याआधीचा विचार हेच आपले पहिले संरक्षण आहे.

आपण काय करावे?

१. फेसबुकवर काही टाकताना नावाजवळची छोटी खूण पाहावी. पृथ्वीचा गोळा असेल तर ते साऱ्या जगासाठी आहे. माणसांच्या आकृती असतील तर ते मित्रांसाठी आहे. कुलूप असेल तर ते फक्त आपल्यासाठी आहे. त्या खुणेवर बोट ठेवले की ती बदलता येते.

२. जुने टाकलेलेही आवरता येते. नवीन खात्यांसाठी 'सर्वांसाठी' ही खूण सन २०१४ पर्यंत आपोआप लागलेली असे. त्यामुळे जुने खाते असेल तर नक्की तपासावे. सेटिंगमध्ये आजवरचे सर्व उघडे लिखाण एकाच वेळी मित्रांपुरते करण्याची सोय आहे. बाहेरच्या शोधयंत्रांनी आपल्या पानाकडे वाट दाखवू नये, असे सांगण्याची सोयही आहे. आपल्याला जमले नाही तर घरातल्या शिकलेल्या मुलाला जवळ बसवून करून घ्यावे. त्यात लाज कसली?

३. दुसऱ्याच्या उघड्या लिखाणाखाली आपण जे लिहितो, तेही सर्वांना दिसते. आपले पान बंद असले तरी ते दिसते.

४. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, नोटीस, कापसाची हिशेबपट्टी, दवाखान्याचा कागद यांचा फोटो उघड्यावर टाकू नये. मदत मागायचीच असेल तर अडचण सांगावी, कागद दाखवू नये. ज्याला खात्री करायची असेल, तो घरी येऊन कागद पाहील.

५. काम झाले की टाकलेले काढून घ्यावे. कर्ज फिटले, त्या दिवशी दाखला ट्रंकेत ठेवावा आणि फेसबुकवरची नोटीस पुसावी. दोन्ही कामे एकाच दिवशी करावी.

६. नको ती माहिती शोधात दिसत असेल, तर आधी मूळ जागेवरून ती काढावी किंवा ज्याने टाकली त्याला काढायला सांगावे. फोन नंबर, घरचा पत्ता, बँकेचा खाते क्रमांक अशी माहिती शोधातून वगळावी, अशी विनंती गूगललाही करता येते. पण मूळ पान तसेच राहिले, तर दुसऱ्या वाटेने ते पुन्हा सापडते.

७. बँकवाला कधीही फोनवर मोबाईलवरचा गुप्त आकडा विचारत नाही. समोरच्याला आपली माहिती ठाऊक आहे, म्हणून तो बँकेचाच असे समजू नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात जावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

दुसऱ्याच्या घरची गोष्ट

आपली गोष्ट आपण सांभाळू. पण शेजाऱ्याची गोष्ट कोण सांभाळणार? ती आपल्याच हातात असते.

आपल्या जिल्ह्यात कर्जापायी आणि नापिकीपायी कितीतरी घरांवर दुःख कोसळले आहे. अशा घरी माणसे धीर द्यायला जातात. कोणी मोबाईल काढतो. रडणाऱ्या बाईचा फोटो घेतो, लहान लेकरांचा घेतो आणि नावगावासकट टाकतो. त्याला वाटते, आपण लोकांना जागे केले. पण ते लेकरू मोठे होईल. शाळेत जाईल, नोकरी मागायला जाईल. कोणीही त्याचे नाव टाकील आणि त्याच्या आयुष्यातला तो एकच दिवस पुन्हा पुन्हा वर येईल. त्या लेकराला कोणी विचारले होते काय?

काही गोष्टी तर गुन्हाच ठरतात. जिच्यावर बलात्कार झाला, त्या स्त्रीची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणाच्या उघड्या शरीराचे खाजगी फोटो संमतीवाचून काढणे किंवा पसरवणे यालाही तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. आपल्या शेतकऱ्याने कर्ज लपवले नव्हते. त्याने ते घाम गाळून फेडले होते. त्याला एवढेच हवे होते की फिटलेली गोष्ट फिटलेलीच राहावी. हे मागणे मोठे नाही. हात आवरून आपण सर्वांनी ते एकमेकांना द्यावे, अशी आमची विनंती आहे.

आपण नुकतेच अक्षर शिकलो आहोत. अक्षराने आपली सही झाली, पोथी वाचता आली, बसची पाटी वाचता आली. आता त्याच अक्षराने मोबाईलवर लिहिता येते. लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. ही दवंडी पाच वर्षांनी परक्या माणसाने ऐकली, तर चालेल काय? 'चालेल' असे उत्तर आले, तर बेलाशक लिहावे. नाही आले, तर ती गोष्ट ज्याला सांगायची, त्याच्या घरी जाऊन सांगावी. त्या निमित्ताने चहाही होईल.

अभ्यास

१. दवंडी आणि फेसबुकवरचे लिखाण यांत कोणते दोन फरक आहेत?

२. पुतण्याचा हेतू चांगला होता. मग त्याचे चुकले कोठे? काकांना मदत मिळेल आणि अब्रूही राहील, असे त्याने कसे लिहावे? त्या चार ओळी लिहून आणा.

३. सातबारा उघड असावा, पण आजारपण उघड नसावे. असे का? आणखी दोन-दोन उदाहरणे सांगा.

४. घरातील मोबाईल घ्या. आपण शेवटी टाकलेल्या फोटोजवळ कोणती खूण आहे, ती पाहा. पृथ्वी, माणसे की कुलूप?

५. फसवणूक झाली तर कोणत्या नंबरवर फोन करावा? तो नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.